काळ्या कॉफीतले पाणी

अमेरिकानो, लाँग ब्लॅक आणि लुंगो या तिन्ही पेयांत घटक दोनच असतात: भाजून दळलेल्या कॉफीची पूड आणि गरम पाणी. दूध नाही, साखर ज्याची त्याने घालायची. तीन कप शेजारी ठेवले तर नुसत्या रंगावरून कोणता कुठला हे सांगणे अवघड जाते. चव मात्र वेगळी लागते. पाणी कुठल्या वाटेने आणि कुठल्या टप्प्यावर कपात आले, यावर हा फरक ठरतो.

तिन्हींचा पाया एस्प्रेसो. (लग्नाच्या हॉलवर ‘एक्स्प्रेसो’ या नावाने जे फेसाळ, गोड, दुधाळ पेय मिळते त्याचे याच्याशी नाते यंत्राच्या फुसफुसण्यापुरतेच.) साधारण १८ ग्रॅम बारीक पूड धातूच्या गाळणीत घट्ट दाबून बसवतात आणि तिच्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट दाबाने ढकलतात. २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास दाट अर्क उतरतो. मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये पेटंटसाठी नोंदवलेल्या यंत्रात केवळ वाफेचा जोर होता, जेमतेम दीड बार. त्या कॉफीवर आजच्यासारखा सोनेरी थर येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाज्जा यांची दांडी ओढून चालवायची यंत्रे आली, दाब वाढला आणि तो थर दिसू लागला. त्यालाच क्रेमा म्हणतात.

तयार एस्प्रेसोवर गरम पाणी ओतले की अमेरिकानो होतो. महायुद्धात इटलीत उतरलेल्या अमेरिकी सैनिकांना तिथली कॉफी फार कडक लागे, म्हणून ते तीत पाणी घालून घेत, अशी या नावामागची आख्यायिका आहे. एस्प्रेसोत विरघळलेले पदार्थ साधारण ९ टक्के धरले, तर ३६ ग्रॅम अर्कात ते सव्वातीन ग्रॅम भरतात. त्यात १८० ग्रॅम पाणी घातले की प्रमाण दीड टक्क्यावर येते. कागदाच्या गाळणीतून थेंब थेंब उतरवलेल्या कॉफीत ते सव्वा टक्क्याच्या आसपास असते. कडकपणाच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारख्याच. तरी अमेरिकानो तोंडात जरा जड लागतो, कारण कागद तेल अडवतो आणि एस्प्रेसोच्या धातूच्या गाळणीतून तेल आणि अतिबारीक कण सरळ कपात उतरतात. वरून पाणी घातल्याने कॅफिन वाढत नाही की घटत नाही. तेच कॅफिन मोठ्या कपात पसरते, इतकेच.

लुंगोत जास्तीचे पाणी पुडीला वळसा घालून येत नाही, पुडीतूनच येते. यंत्र वेळेवर बंद न करता आणखी चालू ठेवायचे. १८ ग्रॅम पुडीमागे मग ५५-६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त कॉफी मिळते. इथे रसायनशास्त्र बदलते. पुडीतले सगळे पदार्थ एकदम विरघळत नाहीत. आंबटपणा देणारी आम्ले आणि बरेचसे कॅफिन लवकर निघते; कडू, तुरट, राखेसारखे लागणारे पदार्थ मागून येतात. हे पडताळून पाहता येते. एस्प्रेसो उतरत असताना दर दहा सेकंदांनी खालची वाटी बदलायची. पहिल्या वाटीत काळसर, मधासारखी दाट, तोंड आंबवणारी धार पडते. दुसरीतली तांबूस आणि चवीला सर्वांत समतोल असते. तिसरीतली फिकट पिवळी, पातळ आणि कडवट. लुंगो म्हणजे या तिसऱ्या वाटीची भर. चोथ्यावर पुन्हा पाणी उकळून केलेल्या चहाची चव ज्यांनी घेतली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पूड थोडी जाडसर दळली तर पाणी लवकर निघून जाते आणि कडवटपणा आवरता येतो. स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीत कॅफे क्रेमा नावाने मोठा कपभर कॉफी अशीच, सगळी पुडीतून उतरवून, करतात. याच्या उलट टोकाला रिस्त्रेत्तो: पाणी लवकर थांबवलेला, घोटभराचा आणि सर्वांत दाट.

लाँग ब्लॅक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा. अमेरिकानोचाच क्रम इथे उलटा: कपात आधी शंभर-सव्वाशे मिलीलिटर गरम पाणी, मग त्यावर एस्प्रेसो. हे क्रेमा टिकावी म्हणून. भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. यंत्रातल्या दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि दाब सुटताच असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. भाजताना तयार झालेले तपकिरी पदार्थ या बुडबुड्यांना आवरण देतात, म्हणून ते काही मिनिटे तग धरतात. वरून पाण्याची धार पडली की बुडबुडे फुटतात, क्रेमा पांगते. खाली पाणी असेल तर ती शाबूत राहते. रोबस्टा बियांनी हा थर जाड होतो. इटलीचे भाजणारे भारतातून, मुख्यतः कर्नाटक आणि केरळातून, रोबस्टा घेतात त्याचे हेही एक कारण.

क्रेमा दिसायला देखणी, पण नुसती चमच्याने चाखली तर कडू आणि कोरडी लागते. त्यामुळे ती राखण्याचा आटापिटा सगळ्यांनाच पटत नाही. काही बरिस्ता, म्हणजे कॉफी करून देणारे, अमेरिकानोवरची क्रेमा मुद्दाम काढून टाकतात. नुसत्या क्रमाने कपातल्या पदार्थांची बेरीज बदलत नाही. लाँग ब्लॅक अधिक भरदार लागतो असे सांगणाऱ्यांच्या कपात बहुतेक वेळा पाणीच कमी असते. वरच्या थराचा पहिल्या घोटाच्या वासावर आणि स्पर्शावर परिणाम होतो, तो खरा. ढवळल्यावर मात्र तोही फारसा उरत नाही.

वेगळे घातलेले पाणी कसले आहे, याला अमेरिकानो आणि लाँग ब्लॅक या दोन्ही पेयांत क्रमापेक्षा जास्त महत्त्व आहे. कपाचा साडेअठ्ठ्याण्णव टक्के भाग पाणीच असतो आणि त्यातले बहुतेक पुडीला शिवलेलेही नसते. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, बोअरच्या जड पाण्यात असते तसे, तर ते कॉफीतली आम्ले मारते आणि चव सपाट होते. क्लोरीनचा वासही लपत नाही. यंत्राच्या वाफेच्या टाकीतले पाणी आणखी वाईट: वाफ निघून जाते, क्षार मागे राहून दाट होत जातात. म्हणून कॉफीबाबत चोखंदळ असलेली दुकाने अमेरिकानोचे पाणी त्या टाकीच्या नळातून घेत नाहीत. गाळलेले ताजे पाणी वेगळ्या किटलीत तापवतात.