जंगली पालकाची ओळख

जबलपूर हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील चेरीताल या वस्तीच्या नावातही ‘ताल’ म्हणजे तलाव आहे. राणी दुर्गावतीच्या एका चेरीने, म्हणजे दासीने, तो बांधविला, असे परंपरा सांगते. मध्य भारतातील अशा सखल व ओलसर जागी, नाल्याकाठी आणि ओलिताच्या गव्हात हिवाळ्यात एक तण उगवते. त्याला जंगली पालक म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव रुमेक्स डेंटाटस असे आहे.

कोवळेपणी ही वनस्पती पालकासारखी दिसते. तिची लांबट, गुळगुळीत पाने जमिनीलगत गोलाकार पसरतात. त्यामुळे केवळ पानांवरून तिची ओळख पटविणे धोक्याचे ठरते. खरी खूण खोडावर असते. जेथे पान खोडाला जोडलेले असते, त्या पेराभोवती पातळ पापुद्र्याची नळी असते. जून झाल्यावर ती फाटते. तरी तिचे अवशेष दिसतात. पालकाला अशी नळी नसते.

दुसरी खूण फळांत आढळते. खोडाच्या वरच्या भागात लहान, हिरवट फुलांचे झुबके येतात. पुढे प्रत्येक फळाभोवती तीन पाकळीवजा आवरणे तयार होतात. त्यांच्या कडांना दाते असतात व मध्यभागी दाण्यासारखा फुगवटा असतो. ‘डेंटाटस’ म्हणजे दातेरी. हे नाव त्यावरूनच पडले. आतील बी तपकिरी, चकचकीत व तीन धारांचे असते.

मराठी घरांत परिचित असलेला आंबट चुका हा याच कुळातील व याच प्रजातीतील आहे. त्याच्याही पेरावर पापुद्रा असतो. मात्र त्याच्या फळांची आवरणे रुंद, पातळ, गुलाबी छटेची आणि दाते नसलेली असतात. या वनस्पतींत ऑक्झॅलिक आम्ल असते. ते अधिक प्रमाणात पोटात गेल्यास अपाय होतो. म्हणून पुरती ओळख पटल्याशिवाय कोणतीही रानभाजी खाऊ नये.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही ओळख वेळेवर होणे महत्त्वाचे असते. हे तण गव्हाच्या वाट्याचे पाणी, अन्न व प्रकाश घेते. त्याची हलकी फळे पाण्यावर तरंगत शेजारच्या शेतात पोहोचतात. एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास ते निष्प्रभ होऊ लागते; हरियाणात या तणाच्या बाबतीत तसे आढळले आहे. म्हणून बी धरण्यापूर्वीच रोपे मुळासकट उपटणे हितकारक ठरते.

तणांच्या अभ्यासासाठी 1989 मध्ये जबलपूर येथेच राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे त्याचे संचालनालयात रूपांतर झाले. परंतु संशोधनाचा लाभ शेतापर्यंत पोहोचण्यासाठी पहिली पायरी शेतकऱ्यालाच चढावी लागते. ती म्हणजे समोरचे रोप नीट निरखून पाहणे.