एकशे पाच म्हणजे १००५!

पहिलीतल्या मुलाच्या हातात पाटी द्या आणि म्हणा, ‘एकशे पाच लिही.’ बरीच मुलं बिनदिक्कत १००५ लिहून मोकळी होतात. आपण लगेच पुसायला धावतो. पण जरा थांबून पाहिलं तर त्यानं केलंय काय? आधी शंभर लिहिले, मग पाच. जे कानावर पडलं ते इमानदारीत उतरवलं.

गंमत म्हणजे असं लिहिणारा तो पहिला नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी, सगळ्यांचे आकडे त्यात कोरलेत. तिथे एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी. सतरा लिहायचे तर दहाची खूण आणि पुढे साताची. शून्य नाहीच, कारण त्याची गरजच पडत नाही. आपलं बाळ थेट त्याच रीतीनं चाललेलं असतं!

एकच पाच कधी पाच, कधी पन्नास, कधी पाचशे होतो आणि ते ठरतं तो कुठे बसलाय यावर, ही युक्ती माणसाला फार सावकाश सुचली. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६चा लेख आहे. त्यात बागेची लांबी २७० हात दिलीय आणि त्यातलं शून्य आजच्यासारखंच वाटोळं आहे. नाणेघाट ते ग्वाल्हेर हा पल्ला शेकडो वर्षांचा. मुलानं तो दुसरीपर्यंत गाठावा, अशी आपली अपेक्षा!

त्यात मराठीची आणखी एक मेख. ‘तेवीस’मध्ये आधी तीन ऐकू येतो, लिहायचा मात्र आधी दोन. म्हणून पाटीवर ३२ उमटतात. जर्मन भाषेतही ‘तीन आणि वीस’ असंच म्हणतात आणि तिथली मुलंही अशीच गडबडतात. ‘एकोणतीस’ तर कहरच: लिहायचे २ आणि ९, उच्चारात दोन्हींचा पत्ता नाही. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला, तो याच अडचणीवरून.

मग ३ आणि ६ची अदलाबदल? तिचं मूळ डोळ्यांत नाही, मेंदूत आहे. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच, हे मेंदू फार लवकर शिकतो. व्यवहारात ते शहाणपणाचंच. फक्त अंक आणि अक्षरं हा नियम मोडतात: तोंड फिरलं की अंक बदलला. शिकलेली गोष्ट इथे विसरावी लागते. सरावानं बहुतेक मुलांचं हे आपोआप सुटतं.

घरी करायचं ते साधं आहे. ताटात रवा पसरा आणि बोटानं अंक गिरवू द्या. वळण हाताला कळलं की पेन्सिल जड जात नाही. मोठ्या अंकांसाठी कागदाच्या पट्ट्या कापा. लांब पट्टीवर १००, तिच्याहून आखूड पट्टीवर २०, एका अंकाएवढ्या तुकड्यावर ५. शंभराच्या शेवटच्या शून्यावर पाचाचा तुकडा ठेवला की १०५ तयार. पाच उचलला की खालचं शून्य पुन्हा दिसतं. शून्य गेलं नाही, झाकलं गेलं, हे मुलाला न सांगता समजतं. वीसवर तीन ठेवून तेवीसही असेच होतात.

आणि चुकलं तर पुसण्याआधी विचारा, ‘हे कसं लिहिलंस?’ उत्तरात बहुधा पक्का नियम सापडतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास करत मूल एक दिवस विचारेल, ‘मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?’ तेव्हा खुशाल समजा, गणित जमायला लागलंय.