तहान ठरते मेंदूत

घसा कोरडा पडतो, पण तहान ठरते मेंदूत. रक्तातल्या क्षारांची तीव्रता जेमतेम १ ते २ टक्क्यांनी वाढली, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागालगतच्या खास पेशींना ते कळतं. त्या पाणी प्यायला भाग पाडतातच, शिवाय आहे ते पाणी राखायचीही सोय करतात. हे दुसरं काम व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचं. पिट्युटरी ग्रंथीतून ते रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना पाणी परत शोषायला लावतं. लघवी कमी आणि गडद पिवळी होते ती यामुळेच.

१९५० च्या दशकात स्वीडनमध्ये संशोधक बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये तीव्र खारट द्रावण सोडलं. शेळ्या घटाघटा पाणी पिऊ लागल्या!

खरी कमाल पुढेच आहे. प्यायलेलं पाणी रक्तात पुरतं मिसळायला बरीच मिनिटं लागतात, तहान मात्र त्याआधीच शमते. तोंड आणि घशाकडून आलेल्या संदेशांवरून मेंदू आगाऊ अंदाज बांधतो. २०१६ मध्ये उंदरांच्या मेंदूत हे प्रत्यक्ष टिपलं गेलं.

पाण्याचा अतिरेकही घातकच; त्याने रक्तातलं सोडियम विरळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. धावताना खूप द्रव पिऊन वजन वाढलेल्यांना हा धोका जास्त होता.

वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांना, डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर, उन्हाळ्यात मागण्याची वाट न पाहता पाणी द्या.