कॅमेरा लखनौत, उर्दू मालेगावात

चित्रपटकलेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना उर्दू शायरी हा विषय नेहमीच खुणावतो. अशा लघुपटाची सामग्रीही जणू ठरलेली असते: पडझड झालेली हवेली, पानदान, सारंगीचे सूर आणि थरथरत्या आवाजात शेर म्हणणारा वृद्ध शायर. पंधरा-वीस मिनिटांत एक संस्कृती मावळताना दिसते आणि प्रेक्षक हळहळतो. प्रश्न एवढाच, की मावळते आहे ते नेमके काय?

या वाटेने जाणाऱ्याने आधी 'मुहाफिज' पाहावा. अनिता देसाई यांच्या १९८४ च्या 'इन कस्टडी' या कादंबरीवर इस्माईल मर्चंट यांनी तो १९९३ मध्ये काढला. हिंदीचा एक प्राध्यापक (ओम पुरी) नूर नावाच्या थोर शायराची (शशी कपूर) मुलाखत ध्वनिमुद्रित करायला निघतो. यंत्र दगा देते, शायराभोवती खुशमस्कऱ्यांचा गोतावळा असतो आणि हाती फारसे काही लागत नाही. ही फजिती केवळ यंत्राची नव्हे. मनात जो शायर घेऊन तो आलेला असतो, तो त्याला भेटतच नाही.

मुळात ऱ्हासाचा शोक हा उर्दूचा जुनाच काव्यप्रकार आहे. उजाड झालेल्या नगरीवरील अशा कवितेला 'शहर-आशोब' म्हणतात. अठराव्या शतकात दिल्लीची वाताहत झाली तेव्हा असा विलाप झाला. १८५७ नंतरच्या दिल्लीवरील अशा कवितांचा 'फुगान-ए-देहली' हा संग्रह तर १८६३ मध्येच निघाला. आजचा विद्यार्थी नकळत त्याच परंपरेत शोक करीत असतो!

जनगणनेचे आकडे मात्र वेगळेच चित्र दाखवतात. उर्दू मातृभाषा नोंदवणारे २००१ मध्ये देशात सुमारे ५.१५ कोटी होते, २०११ मध्ये ते ५.०८ कोटींवर आले. उत्तर प्रदेशात ही संख्या १.३३ कोटींवरून सुमारे १.०८ कोटींवर घसरली. महाराष्ट्रात ती ६९ लाखांवरून ७५ लाखांवर गेली. कारण शाळेत शोधावे लागते. उत्तर प्रदेशात त्रिभाषा सूत्रातील तिसरी जागा बहुतांशी संस्कृतला मिळाली आणि उर्दू माध्यमाच्या शाळा नावापुरत्या उरल्या. मालेगाव, भिवंडी, मुंबईत उर्दू माध्यमाच्या शाळा टिकल्या. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली मुले तिथे आजही नस्तालिक लिपी गिरवतात. या गावांतील विणकरांपैकी अनेकांचे पूर्वज उत्तरेतूनच आले होते, हेही ध्यानात घ्यावे.

शेर काही मरत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'रेख्ता' संकेतस्थळावर तो उर्दू, देवनागरी व रोमन अशा तिन्ही लिप्यांत वाचता येतो. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' वाचलेल्या मराठी रसिकाला रदीफ-काफिया समजावून सांगावे लागत नाहीत. क्षीण होत आहे ती लिपी आणि तिच्याभोवतीची शिस्त. उर्दूत 'ज़' या एका ध्वनीसाठी जे, जाल, ज्वाद, जोय अशी चार अक्षरे आहेत. शब्द कुठून आला हे अक्षरावरून कळते. देवनागरीत ते पुसले जाते. वृत्तपत्राचे अख्खे पान बोरूने लिहिणारे कातिबही गेले. १९८१ मध्ये 'नूरी नस्तालिक' ही संगणकीय अक्षरे आली आणि पुढे त्यांची गरजच संपत गेली.

दुसरी गोष्ट 'इस्लाह' ची. शागिर्दाने गझल लिहून आणायची आणि उस्तादाने एखादा शब्द खोडून नवा सुचवायचा, ही पद्धत. गालिब टपालाने आलेल्या गझलाही सुधारून परत पाठवीत. सिकंदराबादचे हरगोपाल 'तफ्ता' हे त्यांचे लाडके शागिर्द. हवेलीवर रोखलेल्या कॅमेऱ्यात हे कसे यावे? त्यासाठी कुणा उस्तादाच्या बैठकीत तासन्‌तास गप्प बसावे लागेल आणि एक शब्द बदलताच शागिर्दाचा चेहरा कसा उजळतो, ते टिपावे लागेल.