हात न लावता कडकपणा मोजणारा प्रकाश

हिरा किती कडक असतो, हे वराछात घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकाराला विचारा. तो नुसता हसेल. कोणत्या बाजूने हिरा घासला जातो आणि कोणत्या बाजूने दाद देत नाही, हे त्याच्या हातालाच कळतं. पण जिवंत माणसाच्या डोळ्याचं काय? पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, किती घट्ट आहे हे दाबून कसं बघणार?

मला हा प्रश्न पडला तो भाचीमुळे. वय एकोणीस, चष्म्याचा नंबर सारखा बदलणारा. लेझरने चष्मा घालवायचा म्हणून तपासणी केली, तर केरॅटोकोनस निघाला. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. या आजारात तो एका जागी कमकुवत होतो, पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होणारा हा आजार. अशा डोळ्यावर लेझरने आणखी थर खरवडला तर तो जास्तच बिघडतो, म्हणून आधी टोपोग्राफी करतात. पण टोपोग्राफी दाखवते तो आकार. आकार बिघडण्याआधीचा कमकुवतपणा कसा पकडायचा?

त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. कोणतीही वस्तू आतून कधीच गप्प नसते. उष्णतेमुळे तिच्यात अतिसूक्ष्म ध्वनिलहरी सतत धावत असतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून परततो तेव्हा त्याची कंपनसंख्या किंचित बदलते, फाटकावरून धडधडत जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर बदलतो तशी. कडक पदार्थात ध्वनी सहसा वेगाने धावतो, म्हणून बदलही मोठा. फ्रेंच शास्त्रज्ञ लिओं ब्रिलुआँ यांनी हे १९२२ साली गणिताने मांडलं. हिरवा लेझर पाण्यावरून परतला की त्याच्या सेकंदाला सुमारे ५,६०,००० अब्ज कंपनांत फक्त साडेसात अब्जांचा फरक पडतो. हिऱ्यात तोच फरक १६० अब्जांच्या घरात जातो, कारण पाण्यात ध्वनी सेकंदाला दीड किलोमीटर जातो, तर हिऱ्यात जवळजवळ अठरा!

हिऱ्यातला हा फरक टिपला तो आपल्याच देशात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आर. एस. कृष्णन यांनी १९४७ साली तो प्रसिद्ध केला. (रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन वेगळे, दोघांची गल्लत पुष्कळदा होते.) लेझरचा शोध लागायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती, काम चालायचं पाऱ्याच्या दिव्यावर. ज्या शहराचं पोट हिऱ्यावर चालतं, तिथल्या शाळांत ही गोष्ट सांगायला हवी असं मला फार वाटतं.

हिऱ्यावरून पेशीकडे यायला मात्र साठ वर्षं लागली. बोस्टनच्या स्कार्चेली आणि युन यांनी २००७ साली ही मोजणी सूक्ष्मदर्शकाला जोडली आणि २०१२ साली जिवंत माणसाच्या डोळ्यात करून दाखवली. नंतरच्या अभ्यासांत केरॅटोकोनसच्या शंकूच्या जागी हा फरक कमी आढळला, म्हणजे ती जागा मऊ. स्पर्श नाही, टाका नाही. जर्मनीत हायडेलबर्गला प्रेवेडेल यांच्या गटाने एकेका बिंदूऐवजी अख्खी रेघ एकदम मोजायची सोय केली. २०२३ साली त्यांनी फळमाशीचा आणि उंदराचा गर्भ वाढताना कुठे घट्ट, कुठे मऊ होतो हे जिवंतपणी पाहिलं.

यात एक मेख आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. पेशीत बहुतेक पाणीच. मग हा प्रकाश कडकपणा मोजतो की पाण्याचं प्रमाण? २०१८ साली काही संशोधकांनी नेमका हाच आक्षेप घेतला: ओल्या पदार्थांत पाणीच बाजी मारतं. झोपेतून उठल्यावर कॉर्निया थोडा फुगलेला असतो, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं माप सारखं येईलच असं नाही. एकाच डोळ्यातल्या दोन जागांची तुलना करायची तर मात्र हे माप कामाचं.

भाचीचं निदान नेहमीच्या टोपोग्राफीवरच झालं आणि उपचारही लगेच झाले. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब डोळ्यात घालून वर अतिनील प्रकाश सोडतात, त्याने कॉर्नियातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. गेलेला आकार पुरता परत येत नाही, पण बिघाड थांबायची चांगली शक्यता असते. सध्या चष्मा आहेच, दर सहा महिन्यांनी तपासणी आहे, आणि डोळे चोळायला सक्त मनाई. उत्तरायणात गच्चीवर धूळ गेली तरी डोळा धुवायचा, चोळायचा नाही.