पेनीचे मोल : जुन्या ब्रिटिश नाण्यांचा संग्रह आणि मूल्यनिर्णय

जुने नाणे म्हणजे मौल्यवान नाणे, ही समजूत सर्वत्र आढळते. नाणकशास्त्राचा अल्पसा परिचय झाला की तीच प्रथम गळून पडते. चौथ्या शतकातील रोमन काळाची तांब्याची लहान नाणी इंग्लंडच्या शेतजमिनीत सापडतात आणि त्यांतील पुष्कळशी आजही किरकोळ किमतीस मिळतात. याउलट १९३३ सालच्या ब्रिटिश पेनीला अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. तरी ती लिलावात आली तर तिच्यासाठी हजारो पौंड मोजले जातात. किमतीच्या घटकांमध्ये वय हा सर्वांत दुबळा घटक होय. मग मूल्य ठरते कशावर, हे ब्राँझच्या पेनीच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके सोन्याच्या नाण्यांवरूनही होत नाही.

जुन्या ब्रिटिश चलनात २४० पेनींचा एक पौंड होत असे; बारा पेनींचा शिलिंग व वीस शिलिंगांचा पौंड. १८६० साली तांब्याच्या जड पेनीच्या जागी ब्राँझची पातळ पेनी आली. तिच्यात ९५ भाग तांबे, ४ भाग कथील व १ भाग जस्त असे आणि तिचे वजन ९.४ ग्रॅमच्या आसपास होते. या नाण्याचा आकार व वजन पुढे शतकभर बदलले नाही. परिणामी १९६० नंतरच्या दशकातही लंडनच्या बसमध्ये वाहकाने परत दिलेल्या मोडीत व्हिक्टोरिया राणीची झिजलेली पेनी येऊ शकत असे. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा व सहावा जॉर्ज आणि दुसरी एलिझाबेथ अशा पाच राजवटींची नाणी एकाच खिशात खुळखुळत होती. म्हणूनच हा छंद तेथे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून शाळकरी मुलांपर्यंत पोचला. पुठ्ठ्याच्या घडीत प्रत्येक सालासाठी एक गोल खाच असे आणि मोडीतून मिळालेल्या नाण्यांनी ती भरत जाणे हाच खेळ. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धती आली, त्याच वर्षी ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून गेली आणि मोडीतून संग्रह करण्याचा हा मार्ग बंद झाला.

या पुठ्ठ्यांतील १९३३ ची खाच मात्र बहुधा रिकामीच राही. त्या वर्षी बँकांकडे पेनी पुरेशा शिल्लक असल्याने टाकसाळीला नवी मागणी आली नाही. परंतु इमारतीच्या कोनशिलेखाली चालू सालाची नाणी ठेवण्याची प्रथा असल्याने मोजकी नाणी पाडण्यात आली. ज्ञात नाण्यांची संख्या एका हाताच्या बोटांपेक्षा थोडीच अधिक भरते. लीड्समधील एका चर्चच्या कोनशिलेखालील नाणे चोरीला गेल्यावर दुसऱ्या एका चर्चखालील नाणे सुरक्षिततेसाठी उकरून काढून विकण्यात आले, ही हकिकत संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. याच्या दुसऱ्या टोकाला १९६७ ची पेनी आहे. ती ६५ कोटींहून अधिक पाडली गेली आणि सामान्य स्थितीत तिला जवळजवळ काहीच किंमत नाही. मधल्या पायरीवर १९५१ ची पेनी येते. तिची संख्या १,२०,००० होती, त्यामुळे ती दुर्मिळ नव्हे, पण शोधावी लागते.

नुसत्या सालावर विसंबणारा संग्राहक मात्र फार लवकर थांबतो. टाकसाळीच्या वार्षिक अहवालात त्या वर्षात किती नाणी पाडली हे मिळते. त्यांतील काही आदल्या सालाच्या ठशांनी पाडलेली असू शकतात, आणि एकाच सालात ठशांचे किती प्रकार वापरले गेले हे त्या आकड्यातून कळत नाही. ते केवळ हजारो नाणी भिंगाखाली ताडून पाहिल्याने कळते. १९०२ च्या काही पेनींवर ब्रिटानियाच्या मागील समुद्राची रेषा नेहमीपेक्षा खाली आहे. त्यांना ‘लो टाइड’, म्हणजे ओहोटीच्या पेनी, असे गमतीचे नाव पडले. सालाजवळ बारीक ‘एच’ असेल तर नाणे बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे, आणि १९१८ व १९१९ च्या नाण्यावर ‘केएन’ असेल तर ते किंग्ज नॉर्टनचे. १८८२ च्या पेनीत हा न्याय उलटा आहे. तेथे ‘एच’ असलेले नाणे सामान्य व ‘एच’ नसलेले अत्यंत दुर्मिळ; म्हणून ते अक्षर खरवडून केलेली लबाडीही जुनी आहे. सी. विल्सन पेक यांनी ब्रिटिश म्युझियममधील तांबे, कथील व ब्राँझ नाण्यांची सूची १९६० साली सिद्ध केली. पुढे १९७० साली मायकेल फ्रीमन यांनी ब्राँझ नाण्यांच्या दर्शनी व मागील ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिले. आज विक्रेतेही याच क्रमांकांनी व्यवहार करतात. अभ्यासाने आधी फरक दाखवला आणि बाजाराने त्याची किंमत मागाहून केली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

भारतीय अभ्यासकाला याच नाण्यावर एक वेगळाच फरक वाचता येतो. १८९५ पासूनच्या पेनीवर राज्यकर्त्याच्या नावापुढे ‘इंड. इम्प.’ ही अक्षरे आहेत. व्हिक्टोरियाच्या संदर्भात त्यांचा अर्थ ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’, तिच्या वारसांच्या संदर्भात ‘हिंदुस्थानचा सम्राट’. सहाव्या जॉर्जने जून १९४८ मध्ये हे पद सोडले. १९४८ च्या पेनीवर ती अक्षरे आहेत, १९४९ च्या पेनीवर नाहीत. ही दोन्ही नाणी मुबलक व स्वस्त आहेत. बाजारभाव आणि ऐतिहासिक मोल यांतील अंतर यापेक्षा कमी खर्चात दाखवता येणार नाही.

साल व प्रकार निश्चित झाल्यावर उरतो तो स्थितीचा प्रश्न, आणि किमतीतील मोठी तफावत येथेच पडते. इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या मुख्य प्रती चढत्या क्रमाने अशा : फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन व अनसर्क्युलेटेड. ‘फाइन’ या शब्दाने नवख्याची हमखास दिशाभूल होते. व्यवहारात ‘फाइन’ म्हणजे बरेच झिजलेले, पण अक्षरे व मुख्य आकृती ओळखू येणारे नाणे. झीज प्रथम उंचवट्यांवर दिसते : राजाच्या कानावरचे केस, ब्रिटानियाचे शिरस्त्राण. मात्र ‘केएन’च्या नाण्यांवर ठसाच अनेकदा पुसट उमटलेला असतो. तेथे झीज कोणती आणि मूळचा दुबळा ठसा कोणता, हे पृष्ठभागाच्या तुळतुळीतपणावरूनच ठरवावे लागते. अनसर्क्युलेटेड ब्राँझमध्येही टाकसाळीची मूळ तांबूस झळाळी किती टिकली आहे यावर भाव बदलतो.

आणि ही झळाळी परत आणता येत नाही. आपल्याकडे तांब्याची भांडी चिंचेने घासण्याची सवय हाताला लागलेली असते. तोच उपाय नाण्यावर केला की आम्लाने वरचा थर निघतो, नाणे क्षणभर चकाकते आणि संग्राहकाच्या दृष्टीने बाद होते. १९४५ व १९४६ च्या पुष्कळशा पेनी तर टाकसाळीनेच रासायनिक क्रियेने काळसर करून बाहेर पाठवल्या होत्या, कारण लखलखीत नवी नाणी लोक साठवून ठेवत. म्हणजे तो काळेपणा मळ नसून मूळ रूप आहे. साठवणीतही पथ्य लागते. मऊ प्लॅस्टिकच्या काही पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो. ओकच्या लाकडातील आम्लवाफा धातूला बाधतात, म्हणून नाण्यांची जुनी कपाटे महोगनीची केलेली आढळतात.

स्पिंक या लंडनच्या जुन्या पेढीची इंग्लंडच्या नाण्यांची सूची किमतीसाठी प्रमाण मानली जाते. तिच्यातील आकडे विक्रेत्याने गिऱ्हाइकास सांगावयाचे आहेत. विकावयास जाणाऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते. लिलावाच्या बोलीवर खरेदीदाराला पेढीचे शुल्क वेगळे द्यावे लागते, हेही प्रसिद्ध होणारे आकडे वाचताना धरावे.

चांदी-सोन्याच्या नाण्यांत धातूचा भाव मध्ये येतो. शिलिंगमध्ये १९२० पूर्वी ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ पर्यंत ५० टक्के चांदी होती. १९४७ पासून मुळीच नाही. १९८० च्या प्रारंभी चांदी अकल्पित महागली, तेव्हा अशी असंख्य नाणी वितळवली गेली आणि त्यांत कोणते ठसे गेले याची नोंद राहिली नाही.

महाराष्ट्रातील घरांत ‘गिनी’ म्हणून जपलेले नाणे बहुधा सॉव्हरिन असते. खरी गिनी १६६३ पासून पाडली जाऊ लागली व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाली. तिची किंमत २१ शिलिंग होती. सॉव्हरिन २० शिलिंगांचे, २२ कॅरटचे, सुमारे ७.९८ ग्रॅम वजनाचे. १९१८ साली ही नाणी मुंबईच्या टाकसाळीतही पाडली गेली. मागील बाजूस, सेंट जॉर्जच्या घोड्याखाली सालाच्या वरच्या जमिनीच्या रेषेवर, ‘आय’ हे सूक्ष्म अक्षर दिसले तर ते नाणे मुंबईचे. ‘राणीछाप’ रुपयाची परंपरा याहून वेगळी. तो हिंदुस्थानच्या चलनाचा असून त्याच्या सूचीही वेगळ्या आहेत. सॉव्हरिनला डाख देऊन कडी बसवली असेल, तर ‘आय’ असूनही त्याचे मोल सोन्याच्या वजनाइतकेच उरते. नाणे शंभर वर्षांहून जुने असल्यास १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर विक्रीस पाठवता येत नाही. तेव्हा लंडनच्या लिलावातील भाव येथील मालकाच्या फारसा उपयोगी पडत नाही.