पडदा सरळ का पडत नाही?



नाशिकला उन्हाळ्यात दिवस कितीही तापो, संध्याकाळी वारा सुटला की घरोघरी खिडक्या उघडतात. अशाच एका संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीतला नवा पडदा फुगून उडाला आणि त्याचा काठ कोनाड्यातल्या समईच्या ज्योतीला लागला. कोपरा करपला, एवढ्यावर निभावले. समईची जागा आम्ही त्याच दिवशी बदलली. आई मात्र म्हणाली, "पडदा हलका आहे रे, खाली वजन शिवून घे." आमची आजी म्हणे पडद्याच्या दुमडीत भोकाचे पैसे शिवून ठेवी. (१९४३ ते १९४७ या काळात आपल्याकडे मधोमध मोठे भोक असलेला पैसा पाडला जात होता. दोऱ्याने टाचायला तो फारच सोयीचा!)

मूठभर वायसर शिवून एवढ्या मोठ्या पडद्याला काय फरक पडणार, असे मला वाटले. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने नुसते वाटून घेऊन चालत नाही. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही घ्या.

आधी वारा नाही असे समजू. आपला पडदा १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर लांब आहे. कापड असे, की एक चौरस मीटर तुकड्याचे वस्तुमान २०० ग्रॅम भरते. म्हणजे सगळा पडदा सुमारे ५०० ग्रॅमचा आणि त्याचे वजन साधारण ५ न्यूटन. आता पडद्यावर मनातल्या मनात एक आडवी रेघ मारा. त्या रेघेवरच्या धाग्यांना किती भार तोलावा लागतो? रेघेखाली जेवढे कापड आहे, तेवढ्याचाच. रेघ अगदी वर मारली तर ताण ५ न्यूटन, मध्यावर मारली तर अडीच, आणि खालच्या काठावर मारली तर शून्य! काठाखाली कापडच नाही, मग ताण येणार कुठून?

इथेच सारी मेख आहे. कापडाला स्वतःचा थोडा ताठा असतो. दुकानात पडलेली घडी, खळ, शिवणीच्या दोऱ्याची ओढ, हे सगळे कापडाला आपापल्या दिशेने वळवू पाहतात. वरच्या भागात ताण भरपूर, म्हणून त्यांचे काही चालत नाही. खाली ताण नसतो, म्हणून तिथे त्यांचे फावते. पडदा वर सरळ असतो आणि कोपरे मात्र वळतात, ते यामुळे.

आता खालच्या काठावर २०० ग्रॅम वजन शिवू. हे जादा २ न्यूटन पडद्याच्या प्रत्येक रेघेला तोलावे लागतात. वरचा ताण ५ चा ७ झाला, मधला अडीचचा साडेचार झाला, आणि खालचा शून्याचा २ झाला. जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच मदत सर्वांत मोठी.

आता खिडकी उघडू. वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरा, म्हणजे ताशी सात किलोमीटर, नुसती झुळूक. वाऱ्याचा दाब काढायचा तर हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेतली, तर दर चौरस मीटरला २.४ न्यूटन. (नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथली हवा किंचित विरळ आहे, पण आपल्या हिशेबाला तेवढे चालेल.) चुण्या घालून टांगलेला पडदा ०.६ मीटर रुंदी व्यापतो, म्हणजे वाऱ्यासमोर १.२६ चौरस मीटर. एकूण बल सुमारे ३ न्यूटन झाले. पडद्याचे वजन ५ आणि झुळुकीचा रेटा ३! पडदा समईपर्यंत कसा पोहोचला, हे आता वेगळे सांगायला नको.

सोपे जावे म्हणून पडदा पुठ्ठ्यासारखा सरळ राहतो आणि दांड्याभोवती दारासारखा फिरतो असे समजा. वाऱ्याचे बल आणि पडद्याचे वजन दोन्ही मध्यावर लागतात. खालच्या काठावर शिवलेले वजन मात्र दांड्यापासून दुप्पट अंतरावर असते, म्हणून हिशेबात ते दुप्पट धरावे लागते. पूर्वी झुकण्याच्या कोनाची टॅन किंमत ३ भागिले ५ होती, म्हणजे कोन ३१ अंश. तेच २०० ग्रॅम मध्यावर शिवले तर ३ भागिले ७, कोन २३ अंश. काठावर शिवले तर ३ भागिले ९, कोन १८ अंश. आणि दांड्याजवळ शिवले तर काहीच फायदा नाही, नुसता दांड्याला भार. खरा पडदा पुठ्ठा नसतो, वाऱ्यात तो फुगतो आणि वाकतो, तरी क्रम हाच राहतो.

हे गणित न मांडताही ते वापरणारी माणसे आपल्या जिल्ह्यातच आहेत. येवल्याची पैठणी पाहा. अंग रेशमाचे, काठ जरीचा. जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची बारीक पट्टी, म्हणून काठ अंगापेक्षा जड. निऱ्या सुरेख पडतात त्यात या जड काठाचाही वाटा असतो. साध्या नायलॉनच्या साडीला असा काठ नाही, म्हणून आतून 'फॉल' लावतात. निऱ्यांचा भाग येतो तिथे खालच्या कडेला शिवलेली सुती पट्टी ती. काठ झिजू नये हाही तिचा उपयोग, पण साडी नीट पडावी म्हणूनच तिला ते नाव. दूर पॅरिसच्या शनेल या पेढीच्या कोटांत अस्तराच्या खालच्या कडेला बारीक साखळी शिवलेली असते, तीही याचसाठी.

तेव्हा शिंप्याला आधी एवढेच सांगा की खालची दुमड रुंद ठेव. १० सेंटीमीटरची दुहेरी दुमड घेतली, तर आपल्या पडद्याच्या काठावर जवळजवळ ५० ग्रॅम कापड जादा येते. खर्च थोडा, आणि धुण्याची कटकट नाही. त्याहून जास्त हवे तर वजने. जाड कापडाला दोन्ही कोपऱ्यांत आणि उभ्या शिवणींच्या खाली वजन पुरते. विरविरीत कापडाला मात्र सुटी वजने लावू नयेत. जिथे वजन तिथे कापड ओढले जाते आणि मध्ये झोळ पडतो. तिथे दुमडीतून सबंध बारीक साखळी घालावी.

मी लोखंडी वायसर शिवले आणि पहिल्याच पावसाळ्यात काठावर गंजाचे गोल डाग उमटले. गंजणार नाही असे पोलादी वायसर घ्यावेत, आणि ते छोट्या पिशवीत घालून टाचावेत म्हणजे धुताना काढता येतात. परदेशांत पूर्वी शिशाची वजने वापरीत. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९, म्हणून शिशाचे वजन लहान आणि चपटे होते. पण शिसे विषारी आहे आणि रांगत्या मुलाच्या तोंडाशी पहिला येतो तो पडद्याचा काठच. घरात शिसे नकोच.

वजनाने बरे होत नाही असेही एक दुखणे आहे. कापड ताण्याच्या धाग्यांना धरून न कापता तिरपे कापले असेल, तर पडदा पिळतो. वजन वाढवाल तसा ताण तिरपाच वाढतो. त्याला उसवणे हाच उपाय.

चुण्यांचीही एक गंमत आहे. वर दांड्याजवळ बारीक चुण्या पुष्कळ असतात, खाली येताना त्या एकमेकींत मिसळून मोठ्या आणि थोड्या होतात. या मिसळण्यावर २०११ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नामांकित नियतकालिकात एक निबंध आला. त्यात एका अणूएवढ्या जाडीच्या ग्राफीनच्या पडद्यापासून खिडकीच्या पडद्यापर्यंत सर्वांचा विचार एकत्र केला आहे. ताण वाढला की वरच्या बारीक चुण्या अधिक खालपर्यंत टिकतात.

शाळेत करून पाहायचे तर जुन्या चादरीच्या २० सेंटीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा आणि एका काठीवर शेजारी टांगा. एकीला मध्यावर, दुसरीला खालच्या काठावर कपड्यांचे सारखेच चिमटे लावा. टेबलपंखा दोन मीटरवर, दोन्हींवर सारखा वारा येईल असा ठेवा आणि बाजूने कोनमापक धरून झुकाव मोजा. मग चिमट्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजा, म्हणजे पंख्याचा वारा एका बाजूला जास्त होता का तेही कळेल. पंख्याचे बटण 'एक'वरच ठेवा. 'तीन'वर पट्ट्या फडफडू लागतात, आणि फडफडणाऱ्या पट्टीचा कोन कुणालाच मोजता येत नाही.